अशोक सराफ हिंदीत वाया गेले का?

शेजारचा प्रेक्षक: काल रात्री टीव्हीवर 'सिंघम' लागला होता. पोलीस स्टेशन आमच्या गोव्यातलं आणि त्यात हवालदार सावळकर म्हणून अशोकमामा. १९७५ साली 'पांडू हवालदार'मध्ये हा माणूस हवालदार होता, २०११ साली परत हवालदार! मधल्या ३६ वर्षांत मराठीत 'गंमत जंमत', 'अशी ही बनवाबनवी' आणि हिंदीत काय, तर 'करण अर्जुन'चा मुनशी. मला विचाराल तर हिंदीने त्यांना वाया घालवलं.

फोंडेकर: 'हम पाँच' विसरलात वाटतं. १९९५ साली आमच्या वाड्यावर ज्यांच्याकडे केबल होती त्यांच्या ओसरीवर चपलांचा ढीग पडायचा. पाच मुली, दुसरी बायको आणि तसबिरीतून बोलणारी पहिली बायको, या सगळ्यांच्या कचाट्यात सापडलेला आनंद माथूर. तसबिरीतल्या प्रिया तेंडुलकरशी मामा असे भांडायचे, की समोर नुसती भिंत आहे हे आपण विसरून जायचो. हे वाया जाणं असेल तर मलाही असंच वाया जायचंय.

शेजारचा प्रेक्षक: मालिकेचं सोडा हो, मी सिनेमाचं बोलतोय.

पेडण्याची सून: सोडायचं का? आणि हिंदीलाच कशाला नावं ठेवता? 'चौकट राजा'तला गणा किती जणांना आठवतो? 'वजीर'मधला राजकारणी? मामांचं नाव काढलं की आपण 'बनवाबनवी'वर येऊन थांबतो. तिथेही दाद साडी नेसलेल्या दोघांना आधी मिळते. धनंजय माने चेहऱ्यावरची रेषही न हलवता थापा मारतो म्हणून त्या साड्या खपून जातात, हे कोणी बोलत नाही.

उत्सवातला नट: सुनबाई बरोबर बोलल्या. मी २२ वर्षं आमच्या देवळाच्या उत्सवात नाटकं करतोय, कायम विनोदी पात्र. एकदा हट्टाने बापाची भूमिका मागून घेतली. दुसरा अंक, पोराचा मृतदेह समोर. मी विंगेतून पाऊल टाकलं मात्र, पुढच्या रांगेतल्या बायका फिस्सकन हसल्या. तोंडातून एक शब्दही निघाला नव्हता. वाक्य घशातच अडकलं. प्रॉम्प्टर बिचारा दोनदा ओरडला, तेही लोकांना ऐकू गेलं. पुढच्या वर्षी कमिटीने परत नोकराचं काम दिलं, मीही मुकाट्याने घेतलं. तेव्हा कोण कोणाला वाया घालवतं, ते बघा.

फोंडेकर: भाई, वाईट वाटलं, पण हसूही आलं. माफ करा.

शेजारचा प्रेक्षक: बरं, प्रेक्षकांची चूक अर्धी मानतो. पण अर्धीच. 'वेड'मध्ये २०२२ साली मामांना बाप म्हणून बघितलंत ना? तिथे कोण हसलं? असं काम हिंदीवाल्यांना द्यायला कोणी अडवलं होतं?

पेडण्याची सून: 'वेड' मराठी आहे हो.

शेजारचा प्रेक्षक: तेच तर म्हणतोय!

फोंडेकर: आता हे पहाटेपर्यंत चालणार. १९९० साली मामांचं लग्न लागलं ते आमच्या मंगेशीला, तेव्हा आमचा हक्क जास्त, एवढंच सांगून ठेवतो. भाई, यंदा उत्सवात काम कुठलं?

उत्सवातला नट: नोकर. पण यंदा तो शेवटी मरतो.