जुन्या गाड्यांचे एक्झॉस्ट वॉर्निंग रिले ऑनलाइन विकतोय, बरेच परत येतायत, लिस्टिंगमध्ये काय लिहू?

द्वारका_ऑटोइलेक्ट्रिक:
नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितोय. वडिलांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आता मी बघतो. त्यांनी ऐंशी-नव्वदच्या काळात बाहेरून आलेल्या जपानी आणि जर्मन गाड्यांसाठी मुंबईहून पार्ट आणून ठेवलेले, त्यात सायलेन्सरचा कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर साफ करणारा भाग) जास्त तापला की डॅशबोर्डवर दिवा लावणारे रिले खोकंभर आहेत, कंपनीच्या डब्यात, न वापरलेले. लोकल गिऱ्हाईक याला नाहीच म्हणून ऑनलाइन टाकले आणि मागणी खरंच आहे, बंगळूर, कोची, कोलकाता इथले जुन्या गाड्या जपणारे लोक घेतात, एक जण तर केनियातून विचारत होता. पण बरेच परत येतात. तक्रार एकच, "बसवला तरी दिवा जात नाही, पार्ट खराब आहे". मी इथे बॅटरीवर लावून बघतो तर टक्‌ असा आवाज येतो, म्हणजे चालू आहे ना? काही जण तर म्हणतात की दिवा कायमचा बंद राहील असं काहीतरी आतून जोडून द्या, पैसे जास्त देतो. ते करायचं नाहीये मला. पण लिस्टिंगमध्ये नेमकं काय लिहावं आणि पाठवायच्या आधी टेस्ट कशी करावी हे कोणी सांगेल का?

अंबडचा_वायरमन:
भाऊ, टक्‌ वाजलं म्हणजे फक्त कॉईल आणि पत्ती हलतेय एवढंच कळलं. हा साधा हॉर्नचा किंवा हेडलाईटचा रिले नाही. साध्याला ८५-८६ नंबरच्या पिनांवर करंट दिला की ३० आणि ८७ नंबरच्या पिना जोडल्या जातात, विषय संपला. तुझ्या डबीत आत छोटं सर्किट आहे, ते कॅटमध्ये बसवलेल्या सेन्सरकडून आलेला सिग्नल मोजतं आणि ठरलेल्या तापमानाच्या वर गेला की दिवा लावतं. म्हणून त्याच मापाचा, तेवढ्याच पिनांचा दुसरा रिले तिथे चालत नाही, दिसायला डबी सारखी असली तरी.

सेन्सर दोन जातींचे येतात. एकात गरम झाल्यावर रेझिस्टन्स कमी होतो, दुसरा थर्मोकपल, तो स्वतःच थोडा व्होल्टेज बनवतो, के टाईप असेल तर ९०० डिग्रीला साधारण ३७ मिलिव्होल्ट. एवढासा सिग्नल ओळखायचा असतो म्हणून आतलं सर्किट नाजूक. पहिल्या जातीच्या रिलेला सेन्सरच्या जागी व्हेरिएबल रेझिस्टन्स लाव, हळूहळू फिरव, दिवा कुठे लागतो न कुठे जातो ते लिहून ठेव आणि त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलशी ताडून बघ. दुसऱ्या जातीला मिलिव्होल्टचा सिग्नल द्यावा लागतो, दोन रेझिस्टन्सचं डिव्हायडर करून घरच्या घरी जमतं पण मीटर मिलिव्होल्टला नीट असला पाहिजे.

आणि न वापरलेला म्हणजे चांगला असं धरू नको. एक डबी चाकूच्या टोकाने हळूच उघडून बघ, कॅपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी ओघळ दिसला तर तो सुकलाय किंवा गळलाय. पिन जिथे बोर्डाला डाग देऊन बसवलीय तिथे भिंग लावून बघ, पिनेभोवती बारीक काळी गोल रेघ दिसली तर जोड फुटलाय. बॅटरीवर टक्‌ वाजतं, गाडीत धक्के बसले की बंद. असले सरळ बाजूला काढ. दुरुस्त केले तर दुरुस्त केलेला असं लिहूनच वीक, नवा म्हणून नको.

गंगापूररोड_जुनीगाडी:
मी घेणाऱ्यांपैकी आहे म्हणून थोडं वेगळं बोलतो. तुमचा माल परत येतो त्यात पार्ट खराब असण्यापेक्षा गिऱ्हाईकाचं निदानच चुकलेलं असतं असं मला वाटतं. दिवा लागला की लोक रिले बदलतात, पण दिवा लागलाय तो कॅट खरंच तापलाय म्हणून! गाडी मिसिंग मारत असेल, एखादा प्लग किंवा प्लगची वायर गेली असेल, कार्बोरेटर जास्त पेट्रोल देत असेल, तर न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटमध्ये जाऊन तिथे जळतं आणि कॅट लालभडक होतो, आतलं जाळीदार दगडासारखं जे असतं ते वितळून सायलेन्सर चोंदतो. अशा गाडीत तुम्ही शंभर रिले बदलले तरी दिवा तसाच राहणार, आणि राहायलाच हवा.

कसारा घाट चढून वर आलात, गाडी मिसिंग मारतेय, दिवा लागलाय, आणि तुम्ही चहासाठी रस्त्याच्या कडेला गवतात गाडी घातलीत असं समजा. दिवाळीनंतर इगतपुरी, त्र्यंबककडचं गवत किती वाळलेलं असतं बघितलंय ना सगळ्यांनी, कॅट बरोबर त्याच्या वर येतो. त्या दिव्याचा उपयोग इथे आहे. म्हणून दिवा बंद करून द्या म्हणणाऱ्याला तुम्ही नाही म्हणताय हे फार चांगलं करताय, नाहीच म्हणत राहा, पैसे कितीही देऊ दे.

लिस्टिंगमध्ये मला काय वाचायला आवडेल सांगू, "आधी हे तपासा". चावी दिल्यावर किंवा स्टार्टर मारताना दिवा क्षणभर लागून विझतो का? बऱ्याच गाड्यांत बल्ब तपासायला तशी सोय असते. लागतच नसेल तर बल्ब, फ्यूज नाहीतर रिले. गाडी पूर्ण गार असताना, सकाळी पहिल्यांदा चालू केल्या केल्याच लागून राहत असेल तर सेन्सर, वायर किंवा रिले. पण वीस-पंचवीस किलोमीटर चालवल्यावर, चढावर, लागत असेल तर आधी प्लग आणि ट्यूनिंग बघा, रिले मागवूच नका. एवढं मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्हीत लिहा, विक्री थोडी कमी होईल पण परत येणं निम्म्याने तरी कमी होईल असं माझं मत.

पंचवटीची_ताई:
मी स्पेअर पार्ट ऑनलाइनच विकते म्हणून त्या बाजूचं सांगते. गाडीचं नाव वर आणि पार्ट नंबर खाली बारीक, असं केलं असशील तर उलटं कर. पार्ट नंबर सगळ्यात आधी, डबीवर जसा छापलाय तसाच, मधल्या रेघा आणि शेवटचं अक्षर सुद्धा, कारण शेवटचं अक्षर बदललं की आतलं सर्किट बदललेलं असू शकतं. फोटो तीन तरी हवेत, छापील बाजू, पिनांची बाजू सरळ वरून, आणि कुठली पिन कशाची याचा कागदावर हाताने काढलेला नकाशा चालेल. १२ व्होल्ट की २४ व्होल्ट हे मोठ्या अक्षरात लिही, ट्रकवाले पण घेऊन बसतात.

अजून एक गोष्ट, बीएस-६ डिझेल गाडीवाले डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागला की "एक्झॉस्ट वॉर्निंग" सर्च करून तुझ्यापर्यंत येत असणार. १ एप्रिल २०२० नंतरच्या त्या गाड्यांत ते सगळं ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, बघतो, तुझ्या डबीचा संबंधच नाही. हे पहिल्या ओळीत टाक. तसंच पीयूसीसाठी कोणी घेत असेल तर त्यालाही सांग, पेट्रोल गाडीच्या पीयूसीत धूर मोजतात, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि हायड्रोकार्बन, डॅशबोर्डचा दिवा नाही.

जीएसटीचं बघ दादा. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला पोर्टलवरून महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी न करता माल विकायची सोय झालीय, पण तू बंगळूर, कोचीला पाठवतोयस, राज्याबाहेर माल गेला की नोंदणी लागतेच. केनियावाल्याला द्यायचं तर आयईसी कोड (आयात-निर्यातीचा नंबर) काढ, फी ५०० रुपये, ऑनलाइन होतो. आणि देश कुठला ते डब्यावर जे आहे तेच लिही, जपान तर जपान. कंपनीच्या नावाची नवी चिठ्ठी छापून चिकटवायची वगैरे कोणी सुचवेल, ऐकू नकोस, तो ट्रेडमार्कचा भंग होतो.

द्वारका_ऑटोइलेक्ट्रिक:
ताई, काका, वायरमनदादा, सगळ्यांचे आभार. कालपासून डब्या उघडतोय, वायरमनदादा म्हणाले तशी काळी रेघ खरंच दिसली काहींत, त्या वेगळ्या काढल्यात. "आधी हे तपासा" हे लिहायला घेतलंय, गंगापूररोड काका तुमचेच शब्द वापरले तर चालेल ना? आणि दादा एक विचारायचं होतं, काही डब्यांवर पार्ट नंबर पुसलाय, सेन्सर कुठल्या जातीचा ते कळत नाही, त्यांचं काय करू?

गंगापूररोड_जुनीगाडी:
बिनधास्त वापरा.

अंबडचा_वायरमन:
नंबर पुसलेल्या विकू नकोस. दिवा कितीला लागायला हवा हेच माहीत नसेल तर घेणारा कशाच्या भरवशावर बसवणार, उशिरा लागला तर त्याचा कॅट जाईल. त्यांची पिनं, डबीचं झाकण, आतली पत्ती चांगली असेल तर दुरुस्तीला सामान म्हणून ठेव. बाकीच्यांना टेस्ट केल्यावर दिवा कितीला लागला तो आकडा चिठ्ठीवर लिहून डब्यात टाक आणि तीच चिठ्ठी फोटोत पण दाखव. २४ व्होल्टचे असतील तर दोन बॅटऱ्या सिरीजला लावूनच टेस्ट कर, १२ वर ते वाजणारच नाहीत आणि तू उगाच फेकून देशील.