स्वतःच्या मेल सर्व्हरवरून बाहेर मेल जात नाहीयेत, व्हीपीएस बदलू की रिले घेऊ?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या वाचनालयासाठी व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेऊन त्यावर मेलकाऊ (मेल सर्व्हरचं तयार सॉफ्टवेअर) टाकलंय, पुस्तक परत करायची आठवण, वर्गणीच्या पावत्या, कार्यक्रमाची निमंत्रणं सगळं त्यावरूनच पाठवायचं ठरलंय. बाहेरचे मेल व्यवस्थित येतात, आमच्या आमच्यात पाठवलेले पण लगेच पोचतात, पण जीमेलला किंवा बाहेर कुठेही पाठवलं की मेल नुसता रांगेत बसून राहतो. सभासद बरेचसे वयस्कर आहेत, पावती आली नाही की ग्रंथपाल बाईंना फोन करतात आणि दिवसभर त्या तेच निस्तरत बसतात. होस्टिंगवाले म्हणतात आमच्याकडून सगळं ओके. कुठून बघायला सुरुवात करू? आणि रिले (आपले जाणारे मेल पुढे पोचवणारी दुसऱ्याची सेवा) घ्यायचाच झाला तर स्वस्तातला सुचवा, वाचनालयाचं बजेट तुम्हाला माहितीच आहे.

रात्रपाळी:
सेटिंगला हात लावायच्या आधी लॉग बघा. पोस्टफिक्सच्या (मेलकाऊतला मेल पाठवणारा प्रोग्रॅम) लॉगमधे जिथे डिफर्ड (पुढे ढकललेला) लिहिलंय त्याच ओळीत पुढे कंसात कारण असतं, मेलकाऊत ते वेब पॅनलमधे पण दिसतं. समोरच्या सर्व्हरने आकडा दिला असेल तर मेल निदान त्याच्यापर्यंत गेलाय, 4 ने सुरू होणारा म्हणजे आत्ता नको नंतर पाठव, 5 ने सुरू होणारा म्हणजे घेणारच नाही. पण आकडाच नाही आणि टाइम्ड आउट लिहिलंय तर मेल तुमच्याकडून बाहेरच पडत नाहीये. सर्व्हरवर टेलनेट (जोडणी तपासायची कमांड) करून जीमेलच्या एमएक्सला (मेल स्वीकारणारा सर्व्हर) पोर्ट 25 वर (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) जोडून बघा, 220 ने सुरू होणारी ओळ आली तर रस्ता मोकळा आहे.

कृष्णाकाठ:
टाइम्ड आउटच आहे दादा, प्रत्येक मेलला. टेलनेट पण नुसतं लटकून राहतं. 587 वर (लॉगिन करून मेल सोपवायचं पोर्ट) मात्र बाहेर कनेक्शन होतंय.

तांबडीमाती:
मग झालं निदान. प्रोव्हायडरने बाहेर जाणारा 25 बंद ठेवलाय. येणारा 25 वेगळा आणि जाणारा वेगळा, म्हणून तुम्हाला मेल येतायत पण जात नाहीत, तुमच्या फायरवॉलमधे शोधत बसू नका. अ‍ॅमेझॉन ईसीटू, गूगल क्लाउड, डिजिटलओशन सगळीकडे स्पॅममुळे हा सुरुवातीला बंदच असतो. तिकीट टाका, कोणाला आणि कसले मेल पाठवणार ते नीट लिहा, काही जण उघडून देतात. त्याच तिकिटात पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) पण मागा, तो तुमच्या डोमेनच्या डीएनएसमधे (डोमेनच्या नोंदींची यादी) टाकून उपयोग नाही, ज्याचा आयपी आहे त्यालाच तो लावता येतो. आणि तो तुमच्या मेल सर्व्हरच्या होस्टनेमशी जुळला पाहिजे, नाहीतर जीमेल तिथेच अडवतं.

गोदाकाठ:
25 उघडून मिळाला तरी तेवढ्याने भागत नाही हो. स्वस्त व्हीपीएसच्या आयपी रेंजमधे शेजारी कोणी स्पॅम सोडलेला असतो, आउटलुक कधीकधी अख्खी रेंज ब्लॉक करतं आणि मग फॉर्म भरत बसायचं. वाचनालय स्वयंसेवकांवर चालणार असेल तर माझं स्पष्ट मत, जाणाऱ्या मेलला रिले लावा. अ‍ॅमेझॉन एसईएसचं (मेल पाठवायची सेवा) मुंबई रीजन आहे, हजार मेलला साधारण 10 सेंट. फक्त नवीन अकाउंट सँडबॉक्समधे असतं, अर्ज मंजूर होईपर्यंत व्हेरिफाय केलेल्या पत्त्यांनाच आणि 24 तासांत 200 च मेल जातात, तेव्हा अर्ज आजच टाका. रोजचे मेल थोडे असतील तर ब्रेव्होचा फुकटचा प्लॅन पण चालेल, दिवसाला 300. मेलकाऊत सेंडर डिपेंडंट ट्रान्सपोर्टमधे होस्टचं नाव चौकटी कंसात आणि पुढे 587 टाका, कंस नसला तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स शोधायला जातं.

तांबडीमाती:
पण मग स्वतःचा सर्व्हर कशाला? मेल तिसऱ्याच्याच हातातून जाणार.

गोदाकाठ:
मेलबॉक्स, जुना पत्रव्यवहार, सभासदांच्या पत्त्यांची यादी हे सगळं त्यांच्याच सर्व्हरवर राहतं की. फक्त जाणारा मेल रिलेतून जातो, आणि बहुतेक सभासद जीमेलवर असतील तर तो शेवटी गूगलकडेच पोचणार आहे. पावती वेळेवर मिळणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

रात्रपाळी:
एक महत्त्वाचं राहिलं. रिले चालू करायच्या आधी रांग रिकामी करा. पोस्टफिक्स 5 दिवस प्रयत्न करत राहतं, रस्ता उघडला की जुन्या आठवणी सगळ्या एकदम सुटतील आणि ज्यांनी पुस्तक कधीच परत केलंय त्यांना पण मेल जाईल. पॅनलमधूनच सगळे डिफर्ड डिलीट करता येतात. पावत्या तेवढ्या बाजूला काढून नव्याने पाठवा.

कृष्णाकाठ:
बरं झालं सांगितलंत, रांग आधी साफ केली. एसईएस लावलं, अर्ज पण मंजूर झाला, मेल जातायत पण जीमेलला स्पॅममधे पडतायत. जीमेलच्या शो ओरिजिनलमधे एसपीएफ (कोणता सर्व्हर मेल पाठवू शकतो ती नोंद) पास, डीकिम (मेलवरची डिजिटल सही) पास, डीमार्क (खोट्या नावाचे मेल ओळखायची तपासणी) फेल. दोन्ही पास असून फेल कसं?

गोदाकाठ:
पास कोणाच्या नावाने झालंय ते बघा. तिथेच डोमेन लिहिलेलं असतं, बहुतेक अ‍ॅमेझॉनचं दिसेल. फ्रॉममधे तुमचं डोमेन आणि सही त्यांची, डीमार्कला हे जुळलेलं लागतं. एसईएसमधे नुसता ईमेल पत्ता व्हेरिफाय असेल तर असंच होतं, पूर्ण डोमेन व्हेरिफाय करा आणि ते देतील ते तीन सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणाऱ्या नोंदी) डीएनएसमधे टाका. आणि हो, एसपीएफची नोंद डोमेनला एकच ठेवायची, दोन झाल्या की तपासणीच एरर देते. डीमार्क सध्या पी नन (नुसते रिपोर्ट, कारवाई नाही) वर असू द्या, रिपोर्ट बघून मग कडक करा.

कृष्णाकाठ:
डोमेन व्हेरिफाय केलं, आता तिन्ही पास आणि मेल इनबॉक्समधे! बाईंना लगेच फोन करून सांगितलं. सगळ्यांचे खूप आभार.

कोकणकडा:
इथेच विचारतो, हेच सगळं घरच्या ब्रॉडबँडवर रास्पबेरी पाय (छोटा संगणक) ठेवून जमेल का?

रात्रपाळी:
जाणारे मेल रिलेतूनच पाठवा, घरचे आयपी स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत (थेट मेल पाठवू नयेत अशा आयपींची) असतात, थेट पाठवलेलं बरेच जण घेत नाहीत. येणाऱ्यांसाठी आधी राउटरच्या पॅनलमधे वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा, 100.64 ते 100.127 मधला असेल तर सीजीनॅटमागे (अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच आयपी) आहात, बाहेरून कोणी तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. कंपनीकडे स्टॅटिक (न बदलणारा) आयपी मागा आणि तो देताना 25 उघडा मिळेल का ते लेखी विचारून घ्या.