मदत हवी आहे: व्हर्च्युअल वर्कने (रचना कल्पनेत किंचित हलवून, एकूण कार्य शून्य धरून) भार निम्माच का येतोय?

अब आणि बक हे ०.५ मीटरचे दोन दांडे ब ला पिनने जोडले आहेत. अ ला पिन (न हलणारा आधार), क ला रोलर (आडवा सरकणारा आधार), दोन्ही एकाच पातळीत, ब त्यांच्या वरच्या बाजूला. अ आणि क यांच्यामध्ये स्प्रिंग आहे: मूळ लांबी ०.६ मीटर, स्टिफनेस (ताणाच्या दर मीटरला लागणारं बल) २००० न्यूटन प्रति मीटर. दांड्यांचं वजन आणि घर्षण धरायचं नाही. दांडे आडव्याशी ३० अंशांत राहायला ब वर किती भार हवा? सांध्यांच्या समतोलाने ६१४ न्यूटन येतो, व्हर्च्युअल वर्कने ३०७. स्प्रिंगचं कार्य ½ × २००० × ०.२६६ × डेल्टा-क्ष (क चं किंचित सरकणं) असं धरलंय.

प्रतिसाद १
तो ½ काढा. बल शून्यापासून वाढत जातं तिथे ½ येतो. इथे स्प्रिंग आधीच ०.२६६ मीटर ताणलेली आहे, ५३२ न्यूटनने ओढतेय, आणि आभासी विस्थापन (ती कल्पनेतली हालचाल) इतकं सूक्ष्म की तेवढ्यात बल बदलत नाही.

अंतरं न हलणाऱ्या अ पासूनच मोजा. थीटा म्हणजे दांड्यांचा आडव्याशी कोन. ब ची उंची ०.५ साइन थीटा, क चं अंतर १.० कॉस थीटा. थीटा डेल्टा या सूक्ष्म कोनाने वाढवला की ब वर जातो ०.५ कॉस थीटा × डेल्टा, क आत येतो साइन थीटा × डेल्टा. भार खाली, म्हणून त्याचं कार्य ऋण. स्प्रिंग क ला आतच ओढते, म्हणून तिचं धन. (चिन्ह बहुतेकांचं इथेच चुकतं.) भार × ०.५ कॉस ३० = ५३२ × साइन ३०, म्हणजे ६१४.

प्रश्नकर्ता
जुळलं! पण अ आणि क च्या प्रतिक्रिया (आधार दांड्यांवर लावतात ती बलं) समीकरणात का नाहीत?

प्रतिसाद १
अ हलत नाही. क ची प्रतिक्रिया उभी, सरकणं आडवं, कार्य शून्य. क ला घर्षण असतं तर मात्र त्याचं कार्य धरावंच लागलं असतं.

प्रतिसाद २
६१४ बरोबर, पण हा समतोल अस्थिर आहे. भार = ४००० × (साइन थीटा − ०.६ टॅन थीटा) हे सूत्र कोन बदलून पाहा. भार नसताना कोन ५३.१ अंश. भार वाढवत नेला की ६१४ न्यूटनला दांडे ३४.९ अंशांवरच थांबतात. ३२.५ अंशांना भार कमाल, ६२० न्यूटन. त्याच्या खाली कोन जितका कमी तितका कमी भार पेलतो. म्हणून ३० अंशांवर ६१४ चं वजन ठेवून ब किंचित खाली दाबला तर दांडे सपाट होऊन पलीकडे उलटतील. ३० अंशांचं मॉडेल करणार असाल तर ब खाली अडणी ठेवा.