तळघरात येणारं पाणी संपाचं (जमिनीखालच्या टाकीचं) की जमिनीचं? आतून कोटिंग करून थांबेल का? (जुळे सोलापूर)

तळघर_जुळेसोलापूर:
नमस्कार मंडळी. घराखाली 12 × 18 फुटांचं तळघर आहे, 8 फूट खोल. भिंती आरसीसीच्या, 8 इंची. सप्टेंबरच्या पावसानंतर भिंत आणि फरशीच्या सांध्यातून पाणी येतंय, पश्चिम आणि दक्षिण अशा दोन बाजूंनी. पश्चिमेच्या भिंतीत एक उभी भेग आहे, तिथेही पाझर आहे आणि खाली पांढरा खार फुटलाय. त्याच भिंतीपलीकडे पाण्याचा संप आहे, 6 × 5 फुटांचा. कंत्राटदार म्हणतो, आतून पूर्ण इपॉक्सी (रेझिनचं कोटिंग) मारू, विषय संपला. पैसे घालण्याआधी विचारतोय: एवढ्याने थांबेल का? आणि पाणी नक्की कुठलं, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

हौद_आणि_नळ:
मालक, कोटिंगचं नंतर बघा, आधी पाणी कुणाचं ते ठरवा. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्याचा इथे उपयोग होतो. पाणी सुटण्याची तारीख, पावसाची तारीख आणि तळघरातल्या पाण्याची उंची एका वहीत लिहीत जा. पाणी सुटलं की त्याच दिवशी पाझर वाढत असेल, तर मीटरपासून संपापर्यंतची लाईन फुटलीय. पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांनी वाढून हळूहळू कमी होत असेल, तर पाणी जमिनीचं. पाऊस नसतानाही रोज सारखंच येत असेल, तर संशय संपावर.

संपाची परीक्षा अशी: पूर्ण भरा, येणारा व्हॉल्व्ह बंद, मोटर बंद, पाण्याच्या रेषेवर पेन्सिलची खूण, झाकण लावा. 24 तासांनी बघा. तुमच्या मापाच्या संपात 1 सेंमी उतार म्हणजे जवळपास 28 लिटर पाणी गेलं. पातळी उतरत उतरत एका उंचीला येऊन थांबली, तर गळती त्याच उंचीला आहे. नेमकं तिथलं प्लास्टर बघायचं.

टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) संपातलं आणि तळघरातलं पाणी मोजा. आकडे जवळजवळ सारखे आले तर संप किंवा लाईन. तळघरातला आकडा जास्त आला म्हणून पाणी संपाचं नाहीच असं समजू नका, कारण मातीतून येताना पाणी क्षार घेऊनच येतं. पाण्याला वास येत असेल तर आधी ड्रेनेजचा चेंबर उघडून बघा.

साइटवरचा_इंजिनिअर:
इपॉक्सीला माझा स्पष्ट विरोध आहे. पाणी भिंतीच्या मागून ढकलतंय, कोटिंग पुढून चिकटलेलं. ओल्या काँक्रीटवर साधं इपॉक्सी धरत नाही. मागे पाणी साठतं, फुगे येतात आणि एका पावसाळ्यात पापुद्रे निघतात.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न: खालची जमीन आरसीसीची राफ्ट (सळया घातलेला एकसंध स्लॅब) आहे की नुसतं 4 इंच पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) आणि वर फरशी? बाहेर पाणी तळघराच्या जमिनीपेक्षा 1 मीटर वर चढलं, की प्रत्येक चौरस मीटरवर खालून 1 टनाचा दाब येतो. 4 इंची पीसीसीचं स्वतःचं वजन चौरस मीटरला साधारण 240 किलो. तुमचं क्षेत्र 20 चौरस मीटर, म्हणजे 20 टन वर ढकलणार आणि 5 टनही खाली दाबणार नाही. सगळे सांधे पक्के बंद केलेत तर पाणी जमीनच उचलून फोडेल. आज सांध्यातून येणारं पाणी हा दाब कमी करतंय, म्हणून त्याला बंद करायचं नाही, वाट करून द्यायची.

भिंतीतल्या भेगेचं वेगळं. तिथे पीयू (पॉलियुरेथेन) इंजेक्शन चालतं. भेगेपासून 10 सेंमी अंतरावर, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून, 45 अंशात 13 मिमीची भोकं पाडायची, दोन भोकांत 15 ते 20 सेंमी अंतर. 8 इंची भिंतीत भोक मधोमध भेगेला भेटतं. भिंत आरपार पाडायची नाही, नाहीतर माल बाहेरच्या मातीत जातो आणि तुम्ही किलोमागे पैसे मोजत बसता. नोझल बसवून सर्वांत खालच्या भोकापासून सुरुवात; वरच्या नोझलमधून माल दिसला की खालचं बंद, पंप वरच्याला. वाहतं पाणी असेल तर आधी पाण्याशी फुगणारा फोम, आणि त्यावर पक्क्या बंदोबस्तासाठी पीयू रेझिन. फक्त फोम मारून पैसे घेणारे पुष्कळ आहेत, म्हणून कोटेशनमध्ये दोन्ही लिहून घ्या.

मग भिंतीचं प्लास्टर, पुट्टी, रंग सगळं खरवडून काँक्रीट उघडं करा, भिजवा आणि क्रिस्टलाइन स्लरीचे (काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक होऊन पाणी अडवणाऱ्या सिमेंटी लेपाचे) दोन हात द्या, प्रत्येक हाताला चौरस मीटरला साधारण पाऊण किलो. दुसरा हात पहिला पूर्ण वाळायच्या आत. तीन दिवस फवारा मारून ओलं ठेवा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत हेच राहून जातं आणि स्लरी भुकटी होऊन हाताला लागते.

तळघर_जुळेसोलापूर:
धन्यवाद. संपाची पातळी 24 तासांत हलली नाही. पाझर पावसानंतर वाढतोय. जमीन 4 इंच पीसीसी, खाली मुरूम, राफ्ट नाही. गच्चीचा एक पाईप पश्चिमेच्या भिंतीजवळच सुटतो, आजूबाजूला काळी माती आहे.

काळी_माती:
मग निम्मं उत्तर त्या पाईपमध्ये आहे. 1000 चौरस फुटांच्या गच्चीवर 50 मिमी पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरच्या वर पाणी होतं, आणि ते तुम्ही स्वतः भिंतीच्या पायाशी ओतताय. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, भिंत आणि माती यांच्यात बोट जाईल एवढी फट पडते. पाऊस त्या फटीतून थेट पायापर्यंत उतरतो. पुढे माती फुगून फट मिटते, पण तोवर खाली गेलेलं पाणी तिथेच कोंडतं, कारण काळी माती ते लवकर सोडत नाही.

आजच्या आज पाईपला कोपर आणि लांबी जोडून पाणी रस्त्याच्या गटारीकडे न्या. शोषखड्डा करायचा तर भिंतीपासून निदान 5 मीटर दूर. उन्हाळ्यात भिंतीलगतची दोन फूट रुंद काळी माती काढा, मुरूम 6-6 इंचांच्या थरांत पाणी मारून धुम्मस करा, वर मीटरभर रुंद शहाबादी फरशी, घरापासून बाहेर मीटरला 2 ते 3 सेंमी उतार. फरशी आणि भिंतीमधला सांधा लवचिक सीलंटने भरा, सिमेंटने नको. माती हलली की सिमेंट तडकतं.

पायापर्यंत खणून बाहेरून वॉटरप्रूफिंग करणं सर्वांत उत्तम, पण ते एप्रिल-मेमध्ये, आणि एका वेळी 3 मीटरच. काळ्या मातीतला खोल चर आधाराशिवाय उघडा ठेवायचा नाही, माणूस दबतो.

साइटवरचा_इंजिनिअर:
राफ्ट नाही म्हणजे आतून चर हाच मार्ग. पाणी येणाऱ्या दोन बाजूंनी, म्हणजे 30 फूट, भिंतीलगत फूटभर रुंद पीसीसी कापा. खोली सुरुवातीला 8 इंच, शेवटी 12. वाटेत फुटिंग (पायाचा खालचा रुंद भाग) लागलं तर त्याच्या तळाखाली खणायचं नाही, चर तेवढा भिंतीपासून सरकवा. तळाला जिओटेक्स्टाइल कापड (पाणी सोडणारं, गाळ अडवणारं), त्यावर 20 मिमी खडी, मध्ये 110 मिमीचा भोकं पाडलेला पीव्हीसी पाईप, भोकं खालच्या अंगाला. वर पुन्हा खडी आणि कापड दुमडून झाका. पाव ब्रास (25 घनफूट) खडी पुरते. उतार 100 ला 1. शेवटी 2 × 2 × अडीच फुटांचा खड्डा. कापड वगळलं तर मुरमाचा गाळ दोन पावसाळ्यांत पाईप बंद करतो.

पंप_वायरिंग:
त्या खड्ड्यात अर्धा एचपीचा ड्रेनेज सबमर्सिबल लावा, बोअरचा नको, गाळाने अडकतो. फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणारा) असा बांधा की पाणी 30 सेंमीला चालू, 10 सेंमीला बंद. डिलिव्हरीला (पाणी बाहेर नेणाऱ्या पाईपला) नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर पाईपमधलं पाणी परत खड्ड्यात येतं आणि पंप सारखा चालू-बंद होऊन जळतो. पंप आणि व्हॉल्व्हच्या मध्ये पाईपला 3 मिमीचं भोक पाडा, हवा निघून जायला. हवा अडकली की पंप फिरतो पण पाणी फेकत नाही. पाणी ड्रेनेज लाईनला जोडू नका, पावसात ती भरली की तिचंच पाणी उलटं येईल.

मोठ्या पावसात वीज हमखास जाते, म्हणून पंप इन्व्हर्टरवर घ्या. सुरू होताना तिप्पट करंट ओढतो, 1500 व्हीएच्या खालचा इन्व्हर्टर ट्रिप होतो. लाईनवर 30 मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. तळघरातले सगळे सॉकेट जमिनीपासून 4 फुटांवर न्या. पाणी साठलेलं असताना वरून मेन स्विच बंद केल्याशिवाय कुणीही खाली पाय ठेवायचा नाही, घरातल्यांना हे सांगून ठेवा.

तळघर_जुळेसोलापूर:
मग क्रम असा: पाईप आजच, चर आणि पंप आता, भेगेचं इंजेक्शन त्यानंतर, मुरूम आणि शहाबादी उन्हाळ्यात. बरोबर ना?

साइटवरचा_इंजिनिअर:
बरोबर. फक्त इंजेक्शन पाझर चालू असतानाच उरकून घ्या, भेग वाळली की नेमकी गळती कुठे ते दिसत नाही. आणि रंगाची घाई नको. दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने लावा. 48 तासांनी आतल्या अंगाला दव आलं तर भिंत अजून ओली आहे.