मदत हवी आहे: रंकाळ्यातल्या केंदाळाचा ड्रोनवरून नकाशा

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या रंकाळा तलावातलं केंदाळ (जलपर्णी) कुठून कुठं सरकतंय, याचा नकाशा दर पंधरवड्याला करायचाय. ड्रोनला साधाच कॅमेरा आहे, मल्टिस्पेक्ट्रल (डोळ्याला न दिसणारा प्रकाशही वेगवेगळा टिपणारा) नाही. काठाकडचे फोटो वेबओडीएम या फोटो जोडून नकाशा करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्यवस्थित जुळतात. मोकळ्या पाण्यावर मात्र जुळवायला खूणच मिळत नाही, त्यात उन्हाची चकाकी. नकाशाला भोकं पडतात. शिवाय केंदाळ, शेवाळ, काठचं गवत वरून सगळं सारखंच हिरवं! जांभळा फुलोरा आला की तेवढं ओळखू येतं, पण तोवर पसरलेलं असतं.

उंची वाढवून प्रत्येक फोटोत काठ घ्यावा, की ओव्हरलॅप (लागोपाठच्या फोटोंत सामाईक येणारा भाग) ८० टक्क्यांवर न्यावा? वाऱ्यानं पुंजके हलतात, मग क्षेत्रफळ कसं धरायचं? पंचगंगेवर कुणी असं काम केलंय का? जरूर सांगा, केंदाळ लहान असतानाच काढायचंय.