तंबू, गाडी आणि नदीकाठचं गाव: तुमचे अनुभव

दिवेलागण:
काल माळा आवरताना तंबूचा एक वाकडा खुंटा हाती लागला आणि थेट धोम धरणाचा काठ आठवला. आम्ही दोघं, दोन पोरं, भाड्याचा तंबू. जमीन निव्वळ मुरूम. दगडाने ठोकला तर खुंटाच वाकला. रात्री दोनला पाण्यावरून वारा सुटला आणि तंबू अंगावर. उरलेली रात्र गाडीत, धाकट्याचे पाय माझ्या बरगड्यांत.
उजाडताच वाई गाठली. गणपती घाटावर थर्मासमधला शिळा चहा पीत बसलो, तर धुणं धुणाऱ्या एक आजी म्हणाल्या, "शेवाळावर पाय टाकू नगा, काल एक पुणेकर गेला." मी हादरले. "आगं, भिजून घरी गेला!"
त्यांनीच पोरांना ढोल्या गणपतीच्या मागे धाडलं. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. थोरला बाटलीतलं पाणी त्या धारेवर ओतून बघत बसला. पिण्याचं पाणी संपलं, सांगायला नको.
तुमचंही लिहा.

उनाड_बोका:
पुणेकर मीच असेन 😄 मेणवलीला नाही गेलात? नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर पोर्तुगीज घंटा आहे, वसईच्या १७३९च्या मोहिमेतली. आम्ही ती बघत बसलो आणि किल्ली गाडीत, दारं बंद. गावातल्या एकाने पट्टी घालून दोन मिनिटांत उघडून दिली. पैसे घेईना. एवढ्या सफाईचं मात्र जरा टेन्शन आलं.

खारी_बिस्कीट:
कुकर लावलाय, थोडक्यात. नृसिंहवाडी, जुलै. नदीकाठी तंबू लावायचा बेत होता. चहावाल्याने विचारलं, "पाणी चढतंय, तुम्ही पोहता का?" धर्मशाळेत झोपलो. पहाटे लगबग, दक्षिणद्वार! पाणी उत्तरेच्या दारातून देवळात शिरून दक्षिणेकडून बाहेर पडत होतं आणि लोक त्यात स्नानाला रांगेत. सासूबाईंनी मला ढकललंच. नंतर बासुंदी. शिट्टी झाली, पळते.

माळावरचा_दगड:
मुरमात खुंटा मारूच नये. दोरी मोठ्या दगडाला बांधा, नाहीतर गाडीच्या चाकाला. एकदा चाकाला बांधून सकाळी तशीच गाडी काढली होती, ते वेगळं.

दिवेलागण:
@माळावरचा_दगड तंबू आला का मागोमाग?

माळावरचा_दगड:
आला. मेहुणा आत होता.

गल्लीतली_काकू:
माझं माहेर वाईजवळचं, म्हणून जरा कडू बोलते. या, राहा, पण धरणाकाठी बाटल्या आणि कागदी प्लेटा टाकून जाऊ नका. माझा भाऊ दर सोमवारी पोतं घेऊन जातो. गेल्या खेपेला त्याला एक अख्खा तंबू सापडला, त्याने तो हळदीवर झाकायला घेतला.

दिवेलागण:
काकू, त्याला एक खुंटा कमी आहे का विचारा हो 🙈

खारी_बिस्कीट:
आले परत. भात लागला. वाडीहून येताना कृष्णाकाठची वांगी आणली होती, आठवण निघालीच आहे तर भरल्या वांग्यांत तुम्ही कूट घालता की खोबरं?

उनाड_बोका:
दोन्ही.

गल्लीतली_काकू:
खोबरं?? कृष्णेच्या वांग्यांत??