मिश्र लेकरं घेऊन संभाजीनगरला यायचंय, कुठं राहावं? (कालच्या पोस्टीला उत्तर)

अंबाजोगाईची_लेक:
काल इथं एका बाईनं विचारलं होतं. नवरा आफ्रिकेतला, दोन लेकरं, नोकरीमुळे संभाजीनगरला यावं लागतंय, तर कोणत्या भागात घर बघू? त्यावर 'जालना_टू_पुणे' यांचं उत्तर: "अशी लेकरं मराठवाड्यात आणणं म्हणजे लेकरांवर प्रयोग. पुण्यात बाणेर-बालेवाडी बघा. यायचंच असेल तर छावणीत राहा, बाकी कुणी दारात उभं करणार नाही." त्याला धडाधड लाइक पडले आणि त्या बाई परत काही बोलल्याच नाहीत.

मला बोलायचंय, कारण हाच प्रयोग करून मला दीड वर्ष झालं.

माहेर अंबाजोगाई. नवरा बाल्टिमोरचा, काळा. ('कृष्णवर्णीय' हा पेपरातला शब्द आहे, आमच्या घरात कुणी वापरत नाही.) मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. तिकडं आम्ही मेरीलँडमधल्या कोलंबियात राहायचो. जेम्स राउज नावाच्या बिल्डरनं १९६७ साली हे गाव वसवलं तेच मुळी काळ्या-गोऱ्यांनी शेजारी-शेजारी राहावं म्हणून. टपालपेट्यासुद्धा घरोघरी दिल्या नाहीत, गल्लीत एका जागी लावल्या. पत्र आणायला गेलं की शेजारी भेटलाच पाहिजे. आणि त्याच वर्षीच्या जूनपर्यंत शेजारच्या व्हर्जिनियात काळ्या-गोऱ्यांनी लग्न करणं गुन्हा होता. त्यामुळे सामावून घेणारी वस्ती कशी असते ते मी बघितलंय, आणि इथं येताना तशीच शोधत आले होते. तशी इथं नाही. नाही तर नाही.

चौदा घरं बघितली. फोनवर सगळे गोड. "साहेब अमेरिकन? वा वा, मालक खूश होतील!" बीड बायपासच्या एका नव्या सोसायटीत एजंट लिफ्टपाशी उभा होता. नवऱ्याला बघितलं आणि हात मिळवायला निघालेला त्याचा हात मधूनच खिशातल्या मोबाइलकडं वळला. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तो फ्लॅट मालकाच्या भाच्यानं घेतलेला होता.

शेवटी घर मिळालं सिडकोत. एन-सेक्टर कितवा ते सांगत नाही. मालकीणबाई रिटायर्ड शिक्षिका. नवऱ्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "माणसं किती? चार? मग वरची हजाराची टाकी पुरायची नाही, दुसरी बसवून घेऊ." रंगरूपाचा पहिला प्रश्न तिसऱ्या महिन्यात आला, तोही पोरीच्या केसांना तेल कोणतं लावता एवढाच.

म्हणून त्या बाईंना माझं सांगणं, भाग बघू नका, गल्ली बघा. आणि गल्लीत एकच बघा, की शेजारची लेकरं आपल्या घरी येऊन जेवतात का. आमच्या लेकरांना बोलावणारे पहिल्याच आठवड्यात भेटले. फोटो काढले, गाल ओढले. आपलं पोर आमच्याकडं जेवायला पाठवायला मात्र एकेकीला पाच-सहा महिने लागले.

बायपासकर:
ताई, एका एजंटावरून अख्खा बायपास बदनाम करू नका. आमच्या सोसायटीत केरळी आहेत, बिहारी आहेत, शेंद्र्याच्या कंपनीतला एक कोरियन दोन वर्षं राहून गेला. मराठवाड्यात वर्णद्वेष नाही. माझ्या सख्ख्या भावाला घरात काळ्या म्हणतात, तो कधी रडला नाही. आपला विठ्ठलच काळा आहे.

मिलिंदकर:
विठ्ठलाला त्याच बायपासला टू-बीएचके भाड्यानं मागायला पाठवा. आडनाव विचारतील.

बायपासकर:
आली का जात! मला वाटलंच होतं, चार रिप्लायच्या आत येणार.

मिलिंदकर:
आणली नाही, होतीच. मी पण बायपासलाच घर बघत होतो. टोकन द्यायला पाकीट काढलं आणि मालक म्हणाले, "पूर्ण नाव काय म्हणालात?" सांगितलं. "गाव?" सांगितलं. मग त्यांना अचानक आठवलं की व्हेजच भाडेकरू पाहिजे. मी म्हणालो, आई माळकरी आहे, घरात अंडंसुद्धा येत नाही. म्हणाले, तरी पण.

ताईंचं वाईट वाटतं, खरंच. पण त्यांच्या नवऱ्याला निदान फोनवर 'वा वा' मिळतं. अमेरिकेचा जावई सगळ्यांना चालतो, इथल्याच उस्मानपुऱ्याचा चालत नाही. बाबासाहेबांनी काढलेलं मिलिंद कॉलेज १९५० चं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळायला १९७८ ते १९९४ सोळा वर्षं गेली, घरं जळाली. त्या शहरात 'डायव्हर्स भाग कोणता' असं विचारणं म्हणजे थट्टा आहे. भाग ठरलेलेच आहेत इथं, फक्त पाटी लावलेली नाही.

अंबाजोगाईची_लेक:
मिलिंदकर, हे मान्य. 'वा वा' आम्हाला मिळतं आणि ते फुकट मिळतं, हेही मान्य. पण ते फक्त फोनवर मिळतं, लिफ्टपाशी नाही. तुमच्यापेक्षा मला कमी लागलं असेल. लागलंच नाही असं नाही.

नहरकाठ:
सगळे एक विसरायलेत. हे शहर वसवलं कुणी? मलिक अंबरनं, १६१० ला, खडकी म्हणून. हबशी होता, इथिओपियातून गुलाम म्हणून विकत आणलेला. पुढं जहांगिराला घाम फोडला त्यानं. ज्या गावाची पहिली वीट आफ्रिकी माणसानं ठेवली तिथं आफ्रिकी लेकरांना परकं म्हणायचं काहून?

अंबाजोगाईची_लेक:
दादा, माझ्या पोराला शाळेत 'हबशी' म्हणूनच चिडवलं. गल्लीतली पोरं 'ए ब्राव्हो' म्हणायची, ते त्याला आधी आवडायचं. एक दिवस बॅट टाकून घरी आला आणि म्हणाला, "आई, त्यांना माझं नाव पाठ होत नाही का?" चारशे वर्षांपूर्वीचा अंबर त्या दिवशी कामाला आला नाही.

नहरकाठ:
चिडवणं चूकच. पण त्याला अंबर सांगा ना. नहर दाखवा. हर्सूलकडून डोंगरातलं पाणी भुयारी नळानं गावात आणलं, मोटार नाही, वीज नाही. अजून पाणचक्की बघायला लोक येतात.

खुलताबादी:
पाणचक्की अंबरची नाही. अंबर वारला १६२६ ला, पाणचक्की १७४४ ची. तिची नहर वेगळी, नहर-ए-अंबरी वेगळी. त्याची कबर बघायला आमच्या खुलताबादला या, निदान तारीख पक्की होईल.

नहरकाठ:
बरं, चुकलं. पण पाणी तर आणलं ना त्यानं?

टाकी_भरली_का:
हा प्रश्न मात्र लाखाचा. अंबरनं आणलं. आपल्याकडं जायकवाडीचा नाथसागर १९७६ पासून भरतोय, पन्नासेक किलोमीटरवर, आणि आमच्या नळाला पाणी आठव्या दिवशी, तेही रात्री दीड वाजता. १६८० कोटींच्या योजनेचा नारळ २०२० च्या डिसेंबरात फुटला. मग आकडा २७४० कोटींवर गेला. पाइप अंथरले, रस्ते उकरले, आमची गल्ली अजून उकरलेलीच. त्या बाईंना कुणीतरी खरं सांगा: शेजारी कसेही असोत, पाणी कितव्या दिवशी येतं ते आधी विचारा.

बायपासकर:
आठव्या दिवशी येतं म्हणून रडताय? बायपासला आमच्या सातारा परिसरात या. आम्ही टॅक्स भरतो महापालिकेला आणि पाणी विकत घेतो टँकरवाल्याकडून. उन्हाळ्यात बोअर आटली की सोसायटीच्या ग्रुपवर पोरांच्या मार्कांपेक्षा टँकरचे भाव जास्त.

टाकी_भरली_का:
तुम्ही ग्रीन झोन, यलो झोन न बघता प्लॉट घेतले तेव्हा महापालिकेनं सांगितलं होतं का तिकडं जा म्हणून?

बायपासकर:
माझी एनए (बिनशेतीची) ऑर्डर आहे, दाखवू का? सिडकोवाल्यांना सगळं आयतं मिळालं. आमच्या वाट्याचं पाणी वरच्या टाकीतून तुमच्या बागेला जातं.

गारखेडा_गप्पिष्ट:
बागेवरून आठवलं. समोरचे एक काका पाण्याच्या दिवशी पाइप लावून फोर-व्हीलर धुतात आणि वाहून गेलेलं पाणी आमच्या गेटात. बोललं तर म्हणतात, "तुझ्या बापाचं पाणी आहे का?" भांडण पोलिसात गेलं. अजून तारखा चालू आहेत.

टाकी_भरली_का:
नळाला थेट मोटार लावणारे हेच. आधी यांच्या मोटारी जप्त करा, मग योजना आणा.

बायपासकर:
सुरुवात तुमच्या गल्लीपासून करा की मग. फोटो टाकू का?

जालना_टू_पुणे:
वा. मी 'इथं लेकरं आणू नका' म्हणालो तर मी वाईट. तुम्ही चाळीस रिप्लायमध्ये लेकरं विसरलात आणि मोटारीवर आलात.

आता माझं ऐका. ताई, तुम्ही माझी पोस्ट छापून मला खलनायक केलंत, ठीक. माझी सख्खी बहीण, नवरा मणिपूरचा. पोरगं सहा वर्षांचं असताना मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बदली झाली, गावाचं नाव लिहीत नाही. शाळेत पहिल्या दिवसापासून 'चायना'. करोनात तर विचारूच नका. पोरगं रोज डबा तसाच परत आणायचं, कारण शेजारी बसणारा नाक दाबायचा. डब्यात काय असायचं? आमच्या आईच्या हातची मेथीची भाजी अन् ज्वारीची भाकरी! बहीण मुख्याध्यापकांकडं गेली तर म्हणाले, "लेकरंच आहेत, मस्ती करतात." आठ महिन्यांत गाव सोडलं. पोरगं आता तेरा वर्षांचं आहे, फोटो काढताना अजून डोळे मोठे करून बघतं.

२०१४ ला दिल्लीत लाजपतनगरात अरुणाचलच्या नीडो तानियाला दुकानात केसांवरून चिडवलं. तो चिडला, त्याला मारलं, तो गेला. मग ईशान्येकडच्या लोकांसाठी बेझबरुआ समिती बसली. २०१७ ला ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांना मॉलमध्ये घुसून मारलं. ही मोठी शहरं हं. म्हणून मी म्हणालो की प्रयोग करू नका. लाइक मिळवायला नाही म्हणालो.

अंबाजोगाईची_लेक:
हे काल लिहिलं असतं तर मी भांडायला आलेच नसते. "दारात उभं करणार नाही" एवढंच वाचलं मी.

पण मग पुणं काहून? डोळे मोठे करायला पोरगं पुण्यात शिकलं की गावात? आणि तुम्ही सांगितलेलं दिल्ली-नोएडा तर पुण्यापेक्षा मोठं.

जालना_टू_पुणे:
पुण्यात चार पोरं तशी दिसणारी असतात वर्गात. एकटं असण्यात आणि चौघांत असण्यात फरक आहे. तुमच्या कोलंबियातही तेच होतं ना? पोरीला तिथं कुणी केस हात लावून बघितले नसतील.

अंबाजोगाईची_लेक:
हे मात्र खरं आहे, आणि मला आवडलं नाही.

इथं हळदीकुंकवाला गेलं की वाण हातात द्यायच्या आधी पोरीच्या डोक्यात हात. दर रविवारी मी तिच्या बारीक वेण्या घालते, चार तास लागतात, खाली चटईवर ती, वर स्टुलावर मी, आणि शेजारची यमी दाराला टेकून बघत असते. जूनमध्ये शाळेतून चिठ्ठी आली: "दोन वेण्या, लाल रिबीन. फॅशन चालणार नाही." मी शाळेत गेले. वर्गशिक्षिकेसमोर पोरीची एक वेणी सोडली आणि म्हणाले, घाला तुम्ही दोन वेण्या. बाईंनी कंगवा घेतला. तो मध्येच अडकला, हलेना. बाई ओशाळल्या. आता नियम असा निघालाय की वेण्या कितीही चालतील, शेवटी लाल रिबीन पाहिजे. तेवढं आम्ही करतो.

आणि विद्यापीठात येमेन-सुदानची पोरं शिकायला येतात, त्यातलं एक कुटुंब आम्हाला बाजारात भेटलं. त्यांची पोरगी आणि माझी. दोघी आधी एकमेकींच्या केसांकडं बघत होत्या, कुणी हात लावला नाही. मग नंबर दिले-घेतले. चार नाहीत, पण दोन झाल्या.

कागदपत्र_काका:
भावना बाजूला ठेवून. त्या बाईंच्या नवऱ्याला ओसीआय (परदेशी नागरिकाला भारतात राहता येतं ते कार्ड) काढायचं असेल तर लग्नाची नोंदणी होऊन दोन वर्षं झालेली लागतात. ओसीआयवर फ्लॅट घेता येतो, शेतजमीन विकत घेता येत नाही. वेरूळ रोडला 'फार्महाऊस गुंठे' विकणारे हे सांगत नाहीत. पोलीस पडताळणी स्वतः करून घ्या, एजंटच्या भरवशावर राहू नका.

मिलिंदकर:
काका, पहिला कामाचा रिप्लाय. ताई, तुमच्या गल्लीत कोण कोण राहतं?

अंबाजोगाईची_लेक:
एसटीचे रिटायर्ड कंडक्टर, एक तलाठी, दोन घरं मुसलमानांची, एक नांदेडचे सरदारजी, खाली शिक्षिकाबाई. आडनाव मला अजून सगळ्यांचं माहीत नाही. त्यांना एकमेकांचं आहे, हे नक्की.

मिलिंदकर:
असणारच. आमचं एखादं घर आहे का त्यात?

अंबाजोगाईची_लेक:
कोपऱ्यावरचं. १४ एप्रिलला खीर त्यांच्याकडून येते, सगळीकडं. तलाठीबाई डबा घेतात, मोलकरणीला देतात. मी बघितलंय. लिहिणार नव्हते, तुम्ही विचारलं म्हणून लिहिलं.

मिलिंदकर:
विचारलं म्हणून सांगितलंत, हेही बरंच आहे.

बायपासकर:
आमच्या सोसायटीत असं चालत नाही. आमच्याकडं खीर येतच नाही.

मिलिंदकर:
तेच तर म्हणतोय मी सकाळपासून.

जालना_टू_पुणे:
ताई, माझं मत बदललेलं नाही. पण तुमच्या गल्लीत घर रिकामं झालं तर कळवा. बहिणीच्या नवऱ्याची बदली परत तिकडंच होईल असं दिसतंय.

अंबाजोगाईची_लेक:
शिक्षिकाबाईंचा वरचा मागचा भाग दिवाळीनंतर रिकामा होतोय. बोलते. माणसं किती?

टाकी_भरली_का:
तिघं असतील तर हजाराची पुरेल. पण आधी वार विचारून घ्या.